मुकं वावर

कौसामावशी वावरात पाय टाकण्याआधी बांधावर उभी राहायची आणि डोळे मिटून घ्यायची. मागे तिच्या टोळीतल्या दहा-अकरा बायका, डोक्यावर भाकरीची गाठोडी, हातात विळे, सगळ्या गप्प. नवख्या माणसाला वाटायचं, बाई देवाचं नाव घेतेय. देवबिव काही नाही, ती ऐकत असायची. वारा, पाखरं, रस्त्यावरच्या गाड्या हे सगळं बाजूला सारून, खाली फुलांच्या उंचीवर काही गुणगुणतंय का, एवढंच ती ऐकायची. गुणगुण आली की पदर खोचायची आणि म्हणायची, "चला गं, बोलून राहिलं." नाही आली, तर तोंडातून शब्द न काढता वळायची आणि घराची वाट धरायची. मग वावर पाटलाचं असो नाहीतर साहेबाचं.

मी हिंगोलीकडच्या पुसेगावात औषधं विकतो. माणसांची नव्हे, पिकांची. माझं कृषी सेवा केंद्र आहे, आणि किडी मारायच्या विषाला आमच्याकडे सगळे औषधच म्हणतात. मीही म्हणतो. सवय जात नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना हा माणूस कोण, कोणाच्या बाजूनं बोलतोय, असा घोळ व्हायला नको.

माझी आणि तिची पहिली गाठ पडली ती भांडणातच. त्या साली मी दोन एकरांत कांद्याचं बी धरलं होतं. आमच्या सेनगावकडच्या भागात हे पीक हल्ली बरंच दिसतं. कांदा लावायचा, त्याला नळे येऊ द्यायचे, नळ्यांच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे गोंडे येतात, गोंड्यांत काळं बी भरतं आणि ते बियाण्याची कंपनी घेऊन जाते. गोंडे फुलायला लागले होते आणि तण माजलं होतं, म्हणून मी तिची टोळी सांगितली. आदल्या संध्याकाळी फुलकिड्यांसाठी फवारा मारला होता. बायकांना सांगितलं तर त्या येणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून सांगितलं नाही.

ती बांधावर आली. डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडं बघितलं. "भाऊ, फवारा कधी मारला?"

"चार दिवस झाले," मी म्हणालो.

"चार दिवसांचं वावर असं मुकं नसते. एवढा कांदा फुलून राहिला अन् एक माशी न्हाई? काल मारला ना?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तू काय डॉक्टरीण लागून गेलीस? काम करायचं तर कर, नाहीतर चालू पड. बायकांना काय तोटा आहे इथं?"

"तोटा न्हाई," ती म्हणाली. "म्हनूनच कोनी जपत न्हाई." आणि टोळी घेऊन निघून गेली. जाता जाता मागं वळून, "परवा येतो, भाऊ. काहून रागाला येता? रागानं माशी येत न्हाई." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी बांधावर उभा, हात चोळत. असा राग आला होता म्हणून सांगू!

तिसऱ्या दिवशी ती खरोखर आली. मीही तिच्याशेजारी उभा राहून कान टवकारले. आधी काहीच ऐकू येईना. मग कुठंतरी एक बारीकशी तार छेडल्यासारखं झालं, मग दुसरीकडं. "आली बघा," ती म्हणाली आणि पदर खोचला.

तिच्या या नेमामागं तिची जाऊ होती, शांता. ही हकिकत तिनं मला एकदाच सांगितली, दुकानाच्या बाकड्यावर बसून. दोघी जावा एका मोठ्या शेतकऱ्याच्या कपाशीत गेल्या होत्या. कपाशी छातीला लागणारी, पानं ओलीचिंब. दव असेल म्हणून दोघी शिरल्या. ते दव नव्हतं. शांता दुपारी बांधावर बसली ती परत उठलीच नाही. "तवा मला आठवलं," कौसामावशी म्हणाली, "सकाळी शिरताना कपाशीत काहीच उडत नव्हतं. पाकोळी न्हाई, माशी न्हाई, नाकतोडा बी न्हाई. समदे सांगून राहिले व्हते, जाऊ नका म्हनून. आमाला ऐकू आलं न्हाई." त्या दिवसापासून तिच्या टोळीतली एकही बाई मुक्या वावरात उतरली नाही. टोळीत तिची सून सुनंदाही होती. संध्याकाळी सगळ्या बायका आपापल्या दारात धड पोहोचल्या पाहिजेत, एवढाच त्या बाईचा हट्ट. बुद्धविहारात पौर्णिमेला ती मेणबत्ती लावायची तीही शांताच्या नावानं, असं सुनंदा सांगते.

नंतर आमचं जमलं. टेम्पोची वाट बघत ती दुकानात येऊन बसायची आणि माझ्या गिऱ्हाइकांसमोर माझी जिरवायची. कोणी वालावर मावा, ती रस शोषणारी बारीक कीड, पडली म्हणून औषध मागायला आला की विचारायची, "लाल ढालकिडे हायेत का वालावर? हायेत ना? मंग दोन दिस थांब की लेका." गिऱ्हाईक गोंधळायचं, मी चरफडायचो. एकदा तिनं भाकरीच्या डब्यातून मावा लागलेली वालाची डहाळी आणली, तिच्यावर दोन ढालकिडे, ते लाल पाठीवर काळे ठिपके असलेले. डहाळी माझ्या गल्ल्याशेजारी पाण्याच्या ग्लासात उभी केली. "दिवसभर बघत बसा. दुसरं काय काम हाय तुमाला?" संध्याकाळी बघितलं तर डहाळीवरचा निम्मा मावा साफ झालेला. ती म्हणाली, "हा तुमच्या धंद्यावर आलाय, भाऊ. बराबर तुमच्या कपाटात ह्याला मारायचं बी औषध असंल." होतं. मावा मारणाऱ्या त्याच बाटलीत होतं.

शाळेत ती तिसरीच्या पुढं गेली नव्हती, पण बघितलेलं विसरत नव्हती. कुंभारमाशीनं तिच्या दाराच्या चौकटीवर मातीचं घर केलं होतं, ते ती सुनेला पाडू द्यायची नाही. म्हणायची, रोज दोन-तीन अळ्या उचलून आणते बिचारी, आपल्याच परसातल्या. नाल्यावर चतुर उडताना दिसले की डासांची काळजी करायची नाही. शेणकिडा गोळा ढकलत निघाला की पाय आवरून वाट द्यायची. "हा शेन खाली नेते, जमीन पोकळ करते. तुमच्या नांगराला डिझेल लागते, ह्याला काय लागते?"

माझ्या त्या पहिल्या पिकाचं काय झालं तेही सांगतो. काढणीला तिनं एक गोंडा तळहातावर चोळला आणि फुंकर मारली. सगळा भुसा उडाला, हातावर चार दाणे राहिले. "फुलावर असताना मारलं ना औषध? माशी बसली न्हाई तिथं दाना कुठून येईल?" कंपनीच्या माणसानंही, जरा सभ्य भाषेत, तेच सांगितलं. मग मी कानाला खडा लावला. कांदा फुलावर आला की माझ्या वावरात पंप न्यायचा नाही. पुढच्या साली बी असं भरलं की नळे वाकले. मी फुशारकीनं तिला दाखवलं. ती म्हणाली, "तुमी शिकलात. आता गिऱ्हाइकाला शिकवा."

ते मी केलं नाही. ज्याचं त्याचं वावर, म्हटलं. लोक बाटली मागायचे, मी द्यायचो. मी नाही दिली तर चार दुकानं सोडून पाचवं होतंच की. हा हिशोब मी मनाशी इतक्या वेळा केलाय की आता त्याची किळस येते.

बदल एकदम झाला नाही. आधी तिच्याच लक्षात आला. एका हिवाळ्यात ती दुकानात आली आणि बाकड्यावर न बसताच म्हणाली, "भाऊ, आठ दिस झाले, आमच्या म्हशीचं शेन रस्त्यावर तसंच पडून हाय. वाळून खडंग झालं. किडाच आला न्हाई." मी हसलो. महिन्याभरानं म्हणाली, गावाबाहेरच्या वडावर यंदा आग्यामोहोळ बसलं नाही. दरवर्षी सहा-सात पोळी लोंबायची तिथं. नाल्यावर चतुर नव्हते. कुंभारमाशीचं घर रिकामं, त्याला भोक पडलेलं. तिच्या बोलण्यातली थट्टा कमी होत गेली. बांधावर ती आता जास्त वेळ उभी राहायची, आणि तिच्या पाठीमागच्या बायका एकमेकींकडं बघायच्या. कारण वावरामागून वावर मुकं निघायचं. टोळी परत फिरायची. रोज परत फिरणाऱ्या टोळीला कोण बोलावणार? दोन बायका दुसऱ्या मुकादमाकडं गेल्या. एकीनं तोंडावर सांगितलं, "मावशी, तुजे कान म्हातारे झाले."

तिला ते लागलं. माझ्याकडं येऊन विचारलं, "खरंच मला ऐकू येत न्हाई का हो?" मी दुकानाच्या मागं जाऊन मोबाइलवर हळू आवाजात गाणं लावलं. तिनं बाहेरूनच सांगितलं, बाई गातेय. कान ठणठणीत होते.

गेल्या साली माझे गोंडे फुलले. मी एक थेंब फवारला नव्हता. सकाळी दहाला वावरात गेलो, ऊन पडलेलं, गोंडे पांढरेशुभ्र, आणि वावर मेल्यासारखं गप्प. चारी बाजूंनी कांदाच होता आणि चारी बाजूंनी फवारे चालू होते. पश्चिमेला आमचे शेजारी गणपतराव. माणूस मनानं वाईट नाही, पण फुलकिड्याला भिणारा. आठवड्यातून दोनदा ट्रॅक्टरचा पंप लावायचा. बाटल्या माझ्याच दुकानातल्या.

कंपनीचा माणूस आला, बघून गेला, म्हणाला, "माशी नाही तर बायका लावा. सकाळी नऊ ते अकरा. हाताला मलमलचं कापड गुंडाळायचं आणि प्रत्येक गोंड्यावरून हळूच फिरवायचं, या गोंड्यावरून त्या गोंड्यावर. सगळीकडं करतायत आता." मी कौसामावशीला बोलावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे माशीचं काम आता बायकांनी करायचं," ती म्हणाली. "मंग ज्यानं माशी मेली ते कुठं गेलं, भाऊ?"

"मावशी, तुझी शपथ, मी काही मारलेलं नाही."

"तुमी न्हाई मारलं, मला ठावं हाय. पन पैले वावर गप्प असलं की मला समजायचं, इथं इख हाय. आता समदेच गप्प. मारलेलं बी गप्प, न मारलेलं बी गप्प. म्या काय वळखू?"

गोंडा फुलला की मोजून आठ-दहा दिवस, नंतर हात फिरवून उपयोग नाही. हे तिला माहीत होतं, आणि महिनाभर काम न मिळालेल्या बायका घरी बसल्यात हेही. शेवटी तिनं ठरवलं. "कान गेला म्हना. आता मीच उतरतो. तीन दिस एकटीच करतो. मला काय झालं न्हाई तं चौथ्या दिवशी बायका येतील."

मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. माझं पीक होतं.

तीन सकाळी ती एकटी माझ्या वावरात होती. हातांना पांढरं कापड, एका ओळीतून वर, दुसऱ्या ओळीतून खाली. गोंड्याला तळवा लावायची तो असा, की आजारी लेकराच्या कपाळाला लावावा. मी बांधावरून बघायचो. एवढ्या मोठ्या वावरात ती एकटी हलणारी. तिसऱ्या दिवशी तिच्या चार ओळी झाल्या. भाकरी न सोडताच ती घरी निघाली. मी म्हटलं, "मावशी, गोंडे थांबत नाहीत. उद्या आणतेस ना बायका?" ती कपाळ दाबत म्हणाली, "आनतो." तिचं डोकं तीन दिवस दुखत असणार, पण तिनं ते कोणाला सांगितलं नाही. मी तिला त्या वेळी नीट बघितलंसुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी गणपतरावांचा ट्रॅक्टर फिरला आणि वारा आमच्या वावराकडं वाहत होता. मी दुकानात होतो. दुपारीच ते बाटली घेऊन गेले होते. कधी मारणार, एवढं विचारायला माझ्या तोंडाला काय झालं होतं?

चौथ्या सकाळी टोळी बांधावर आली. नऊ बायका, सगळ्यांच्या हातांना कापड बांधलेलं. गोंडे दवानं ओले होते. कौसामावशीनं डोळे मिटले, जुन्या सवयीनं, आणि तसेच उघडले. म्हणाली, "थांबा. मी एक चक्कर मारून येतो." पाचवी ओळ तिनं धरली. अर्ध्यात गेली असेल, तेव्हा तिचा हात गोंड्यावरून घसरला. ती तिथंच वाकली. आम्हाला वाटलं काही उचलतेय. मग ती गुडघ्यांवर बसली आणि ओकायला लागली. सुनंदा "आत्याबाई!" ओरडून धावली, तिचा एक पाय वावरात पडलासुद्धा, तेवढ्यात कौसामावशीनं मान वर केली. तोंडातून लाळ गळत होती. तिनं दोन्ही हात वर केले, ते पांढरं कापड बांधलेले हात, आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं बळ लावून ओरडली, "उतरू नको! कोनी उतरू नका!"

आणि कोणी उतरलं नाही. वीस वर्षं त्या बायकांनी तिचं ऐकलं होतं. त्या रडत होत्या, छाती बडवत होत्या, सुनंदानं पाय मागं घेतला होता, पण बांध कोणी ओलांडला नाही. मी उतरलो. लगेच उतरलो असं मला लिहायला आवडलं असतं. मीही क्षणभर थांबलो. ते विष कोणतं, किती कडक, हे तिथं उभ्या असलेल्यांत फक्त मला माहीत होतं.

तिला गाडीत घालून हिंगोलीला नेलं. वाटेत तिच्या पापण्या उघडून बघितल्या, तर बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. अंग थरथरत होतं, तिचा हात माझ्या हातात होता, आणि कापड अजून ओलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे एका सकाळचं नाही, चार दिवस थोडं थोडं अंगात गेलंय. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. शुद्धीवर आलीच नाही. टोळीतल्या एकाही बाईचं साधं डोकंसुद्धा दुखलं नाही.

काढणीला माझ्याकडं कोणी आलं नाही, आणि मी बोलावलंही नाही. मी आणि बायको, दोघांनीच गोंडे तोडले. मी तळहातावर चोळत गेलो. भुसा, भुसा, सगळा भुसा. तिच्या चार ओळींत आणि पाचवीच्या अर्ध्यात मात्र बी भरलं होतं, काळं, टपोरं. पाचवीत जिथं ते संपलं तिथं बायको खाली बसली आणि रडली. मीही रडलो, दोन एकरांच्या मधोमध, भर उन्हात.

ते बी पोत्याच्या तळाशी जेमतेम मावलं. कंपनीचा माणूस वजन करायला आला. गणपतरावही येऊन उभे राहिले होते. माणसानं ते बी मुठीत घेतलं, ओंजळीत खेळवलं आणि खूश झाला. "बघा, हातानं केलं की कसं भरतं! म्हणजे आपल्याकडं जमतंय हे. पुढच्या साली सगळ्या शिवारात करू. बायका किती मिळतील?"

"इथल्या येणार नाहीत," मी म्हणालो.

"इथल्या कशाला?" गणपतराव म्हणाले. "वारंगा फाट्याकडून टेम्पो भरून आणू. लागतील तेवढ्या मिळतात."